झिजलेला चक, तडा गेलेला चक

माळशिरस तालुक्यातलं श्रीपूर हे साखर कारखान्याचं गाव. १९३२ साली देशी साखरेला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि नीरेच्या पाण्यावर पोसलेल्या या पट्ट्यात थोड्याच वर्षांत धुराडी उभी राहिली. श्रीपूरला चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापलेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना, जवळच माळीनगरला सासवड माळी शुगर फॅक्टरी, नीरेपलीकडे वालचंदनगर. सहकारी कारखाने त्यानंतरचे. कारखान्याबरोबर वर्कशॉप आलं, वर्कशॉपमध्ये लेथ आले आणि त्या लेथवर टर्नर-फिटरांच्या दोन-तीन पिढ्यांचे हात तयार झाले. निवृत्तीनंतर हे हात स्वस्थ बसत नाहीत. घराला लागून पत्र्याची शेड निघते आणि तिच्यात कुठून तरी आणलेला जुना लेथ मांडला जातो. मोळी पडून गाळप सुरू झालं की ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीचा हब, पाणबुडी मोटरचा शाफ्ट, पंपाचा बुश अशी कामं दारात येतात. शेतकऱ्याला काम त्याच दिवशी हवं असतं, आणि तालुक्याच्या गावी खेटे घालण्यापेक्षा त्याला ही शेड परवडते.

अशा शेडमध्ये सगळ्यात आधी दगा देतो तो चक. बेड झिजला तरी सांभाळून घेता येतं, हेडस्टॉकच्या बेअरिंगचा आवाज आला तरी काही महिने निघतात. पण चकने जॉब धरला नाही तर लेथ नुसता फिरतो. नव्या चकची किंमत ऐकून माणूस भंगाराच्या दुकानाकडे वळतो. तिथे कोपऱ्यात गंजलेला, जॉ अडकलेला, मागची प्लेट नसलेला चक पडलेला असतो. तो घरी आणून दुरुस्त करावा, की पैसे साठवून नवा घ्यावा? प्रश्न दिसतो किरकोळ, पण त्यात पैसा आहे, कसब आहे आणि माणसाच्या डोळ्यांचा, हातापायांचा सवाल आहे. म्हणून तो घाईने निकालात काढू नये.

आधी या वस्तूची रचना नीट ध्यानात घेऊ. आपल्याकडे तीन जॉच्या चकला ट्रू चक म्हणतात आणि चार जॉच्या चकला डॉग चक. डॉग चकचा प्रत्येक जॉ आपापल्या स्क्रूवर स्वतंत्र सरकतो, त्यामुळे डायल लावून जॉब शतांश मिलिमीटरपर्यंत मध्यावर आणता येतो. मात्र त्याला वेळ आणि सवय लागते. ट्रू चकमध्ये तिन्ही जॉ एकदम सरकतात. आत स्क्रोलची तबकडी असते. तिच्या पुढच्या अंगावर चक्राकार आटा असतो, त्यात जॉचे दाते बसतात. मागच्या अंगावर बेव्हल दाते असतात, त्यांना चावीचं पिनियन फिरवतं. काम झटपट होतं, पण मध्य किती अचूक साधेल हे त्या स्क्रोलच्या आणि जॉच्या झिजेवर ठरतं. नवा चांगला ट्रू चकसुद्धा जॉब अगदी शून्यावर धरत नाही. पाच ते दहा शतांश मिलिमीटर आउट असणं त्याच्यात गैर मानत नाहीत.

दुरुस्तीला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं पहिल्यांदा ऐकू, कारण ते सहसा अनुभवी असतात. ते सांगतात की जुना चक आणणारा माणूस झिजलेलं यंत्र आणत नाही, दुसऱ्याने टाकून दिलेली अडचण आणतो. तो का टाकला हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं, किंवा ठाऊक असून तो बोलत नाही. जॉवर एक, दोन, तीन असे आकडे आणि बहुधा चकचाच क्रमांक ठोकलेला असतो. भंगारात मात्र कुठल्याही चकचे तीन जॉ कुठल्याही बॉडीत घालून दिले जातात. जॉ ज्या बॉडीत बसवून तयार केलेले असतात त्याच बॉडीत ते खरे चालतात, परक्या बॉडीत ते क्वचितच नीट मिळतात. शिवाय स्क्रोल झिजली असेल तर घरी तिचा इलाज नाही. ती कडक केलेली असते, तिचा चक्राकार आटा घरच्या लेथवर पुन्हा काढता येत नाही. वर्षानुवर्षं एकाच जाडीचा बार धरलेल्या चकची स्क्रोल त्या एका जागीच जास्त झिजते. असा चक एका मापाला खरा निघतो आणि दुसऱ्या मापाला खोटा, त्यामुळे एकच बार धरून डायल लावणारा ग्राहक फसतो. तीन वेगवेगळ्या जाडीचे बार धरून बघितल्याशिवाय स्क्रोलबद्दल काही बोलूच नये. या सगळ्यावर घातलेले दिवस पैशात मोजले तर नव्या चकची किंमत निघून जाते, असा त्यांचा हिशेब. कमाईवर चालणाऱ्या शेडला तो हिशेब लागू पडतो, हे मान्य करायला हवं.

दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. भंगारात आलेले कितीतरी चक बिघडलेले नसतात, नुसते घाणीने जाम झालेले असतात. आतल्या ग्रीसमध्ये बारीक किस अडकून त्याचा लगदा होतो, जॉ हलत नाहीत, आणि चक गेला असं समजून मालक तो काढून टाकतो. मागचे बोल्ट काढून, जोडाच्या जागी पंचाने खूण करून चक उघडला, रॉकेलने किंवा रॉकेल न मिळाल्यास डिझेलने धुतला, स्क्रोलचा आटा ब्रशने साफ केला, जॉच्या कडांवरचे उठलेले बर तेलकट दगडाने घासले, की त्यातले बरेच चक पुन्हा हाताने फिरू लागतात. परत जोडताना ग्रीस थापण्याचा मोह टाळून पातळ तेलाचा हात फिरवावा. किस धरून ठेवणारं तेच ग्रीस असतं.

गंजाबद्दल ऊसपट्ट्यात एक खास उपाय सांगतात, मळीत बुडवण्याचा. पाण्यात पातळ केलेली मळी लोखंडावरचा गंज सावकाश सोडवते, हे खरं आहे. त्याला आठवडे लागतात आणि वास सोसावा लागतो. साखर कारखान्याची मळी उत्पादन शुल्क खात्याच्या देखरेखीखाली असते, ती कुणी बादलीभर उचलून आणायची वस्तू नव्हे. गुऱ्हाळातल्या काकवीने काम भागतं. पण बिडाची बॉडी अशा पाण्यात फार दिवस राहिली तर तिचा पृष्ठभाग काळा आणि मऊ पडतो, आणि चकच्या मागच्या बाजूची जी बसण्याची जागा असते तिला हे चालणारं नाही. धुण्याचा सोडा पाण्यात टाकून बॅटरी चार्जरने गंज काढायची पद्धत बिडाला जास्त सुरक्षित आहे. मात्र त्यात दुसऱ्या टोकाला साधा लोखंडी पत्रा लावावा, स्टेनलेस स्टील अजिबात नको, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे काम उघड्यावर करावं. बाहेर पडणारा वायू हायड्रोजन असतो.

आता जॉ. जुन्या चकचा खरा रोग बहुतेक वेळा इथेच असतो. वर्षानुवर्षं आखूड जॉब नुसत्या टोकाशी धरून, चावीला पाइप घालून आवळून जॉ पुढच्या बाजूला फाकतात. बार धरला की तो मागच्या टोकाला घट्ट आणि पुढे मोकळा राहतो. टूलचा दाब आला की तो डोलतो, थरथरतो, फिनिश बिघडतं आणि मोठा काप घेतला तर जॉब निसटूही शकतो. हा दोष आउटपेक्षा घातक आहे, आणि नेमका हाच दोष घरच्या शेडमध्ये दुरुस्त होतो. टूल पोस्टवर छोटा ग्राइंडर बांधून, चक त्याच स्पिंडलवर फिरवत जॉची आतली धार घासायची. ज्या स्पिंडलवर चक चालणार तिच्यावरच तो घासला जातो, त्यामुळे स्पिंडलचा मध्य आणि जॉचा मध्य आपोआप एक होतो. लेथ आपल्या अंगावरचं हत्यार आपणच दुरुस्त करतो, अशी दुसरी यंत्रं फार नाहीत.

पण इथे बहुतेकजण चुकतात, ते ताणाच्या दिशेबद्दल. जॉब धरताना जॉ आतल्या बाजूला दाबतो आणि त्याची प्रतिक्रिया त्याला बाहेर ढकलते; खाचेतला, आट्यातला सगळा ढिलेपणा त्या दिशेने निघून जातो. मोकळे जॉ तसेच घासले तर ते ढिल्या अवस्थेत खरे होतात आणि जॉब आवळताच पुन्हा फाकतात. म्हणून घासताना जॉवर तोच ताण हवा. त्यासाठी तीन भोकांची एक जाड प्लेट करतात. ती जॉच्या कडांवर अशी बसते की जॉ आवळलेले राहतात आणि घासायची धार मोकळी राहते. प्लेट करायला एक दुपार जाते. ती दुपार वाचवणाऱ्याने ग्राइंडर हातात घेऊ नये. आणि बेडवर ओलं फडकं अंथरल्याशिवाय घासायला सुरुवात करू नये, कारण चाकाची कणी बेडवर, सॅडलखाली गेली तर दुरुस्त चकच्या बदल्यात झिजलेला बेड पदरी पडतो.

बॅकप्लेटचीही अशीच गोष्ट. भंगारातला चक दुसऱ्या लेथवरून उतरलेला असतो आणि त्याची जुनी प्लेट आपल्या स्पिंडलच्या आट्याला लागत नाही. बिडाची कास्टिंग आणून ती आपल्याच स्पिंडलवर चढवून, तिचं तोंड आणि चक बसण्याची पायरी तिथेच टर्न केली, तर निम्मा आउट त्यातच जातो. चकवर ठपका येतो आणि दोष प्लेटचा असतो, असं वारंवार दिसतं.

आउटच्या बाबतीत माझं स्पष्ट मत आहे की घरच्या शेडमध्ये त्याचा उगाच बाऊ केला जातो. एकदा धरलेला जॉब न सोडता टर्न केला, बोअर केला, आटा काढला आणि कापून घेतला, तर ही सगळी अंगं स्पिंडलच्या मध्याशी आणि म्हणून एकमेकांशी जुळतातच, मग चक कितीही आउट असो. आउटचा त्रास होतो तो जॉब काढून उलटा धरताना किंवा आधी टर्न केलेलं अंग पुन्हा धरताना. अशा कामाला डॉग चक आणि डायल घ्यावा. दोन भागांचे जॉ असतील तर वरच्या बाजूला मऊ लोखंडाचे जॉ बसवून ते जागेवरच बोअर करून घ्यावेत. शेडमध्ये एकच चक घेण्याइतके पैसे असतील तर मी डॉग चक घ्यायला सांगेन, आणि जुना ट्रू चक साध्या, एका धरणीतल्या कामाला ठेवायला सांगेन. जोड अशी लागली की झिजलेल्या चकला त्याच्या मगदुरापेक्षा जास्त काम सांगितलं जात नाही.

जुन्याच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद नेहमी होतो, की जुनं बीड मुरलेलं असतं, आताचं तसं नाही. यात अर्धं तथ्य आहे. पूर्वी लेथच्या बेडची मोठी कास्टिंग्ज महिनोन् महिने उघड्यावर ठेवून मग मशीनिंगला घेत, कारण ओतकामातला आतला ताण सुटल्यावर बेड वाकत नाही. चकसारख्या आखूड, गोल कास्टिंगमध्ये त्याचा फरक फारसा पडत नाही. हॅलिफॅक्सच्या प्रॅटचा किंवा चेन्नईच्या गिंडी मशीन टूल्सचा शिक्का बघून जीव टाकणारे लोक आहेत. तो शिक्का कारागिरीची खूण नक्कीच आहे, पण नंतरच्या तीस-चाळीस वर्षांत त्या चकला कुणी कसं वागवलं हे तो सांगत नाही.

इथपर्यंत तोल दुरुस्तीकडे झुकतो. पण एका ठिकाणी तो पूर्ण उलटा फिरतो, आणि तिथे मी दोन्ही बाजूंना समान जागा द्यायला तयार नाही. ते ठिकाण म्हणजे बॉडीला गेलेला तडा.

किलोभर वजनाचा जॉ केंद्रापासून ८ सेंटिमीटरवर असेल आणि चक मिनिटाला १००० फेरे फिरत असेल, तर तो बाहेर पडण्यासाठी सुमारे ९० किलो वजनाइतका जोर लावतो. फेरे २००० केले की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे साधारण ३६० किलो. तिन्ही जॉचा हा जोर, शिवाय चावीने आवळल्याचा ताण, बॉडीच्या खाचांच्या आतल्या कोपऱ्यांवर येतो. बीड दाबाला तगडं आणि ताणाला कच्चं. ते पोलादासारखं आधी वाकून इशारा देत नाही, एकदम फुटतं. चक बेडवर आदळला, चावीवर पाइप चढवला, जॉ कडेच्या फार बाहेर काढून मोठा जॉब धरला, की तडा जातो तो याच कोपऱ्यांत. तो केसासारखा असतो आणि तेलामुळे दिसत नाही.

कुणी म्हणेल, वेल्डिंग आहे की. निकेलचा रॉड घेऊन, बॉडी आधी तापवून बीड जोडता येतं, पंपाच्या केसिंगला आणि मोटरच्या पायाला ते चालतंही. फिरणाऱ्या बॉडीला चालत नाही. जोडाशेजारचं बीड वेल्डिंगच्या उष्णतेने कडक आणि ठिसूळ होतं, आणि जोड चांगला दिसतो म्हणून माणूस निर्धास्त होऊन फेरे वाढवतो. बॉडीभोवती पोलादी कडं तापवून चढवण्याची युक्तीही सांगतात. कमी फेऱ्यांच्या एखाद्या कामाला ते एखाद्या जाणकाराने केलं असेल, पण घरच्या शेडमधल्या माणसाला मी तो सल्ला कधी देणार नाही. कारखान्यात गार्ड असतो, सुपरवायझर असतो, सुरक्षेचा कायदा असतो. घरच्या शेडमध्ये यातलं काही नसतं, आणि लेथसमोर नातू उभा असतो.

तडा ओळखणं अवघड नाही. चक पूर्ण उघडा, बॉडी एकटी दोरीला टांगा आणि लाकडाच्या हातोड्याने ठोका. सलग निनाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर संशय घ्या. मग बॉडी रॉकेलने भिजवा, थोडा वेळ मुरू द्या, वरून कोरडी पुसा आणि खाचांच्या कोपऱ्यांत खडूची पूड फासा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल वर येऊन खडूवर ओली रेघ उमटते. बाजारात लाल रंगाचे डाय पेनिट्रंटचे स्प्रे मिळतात, ते अधिक खात्रीचे. विकत घेण्याआधी विकणारा चक उघडू देत नसेल तर तो घेऊ नये, भाव कितीही पडलेला असला तरी.

एकेकट्याने सगळं करावं अशी अपेक्षा ठेवणंही बरोबर नाही. टूल पोस्ट ग्राइंडर, चांगला डायल, डाय पेनिट्रंट ही सामग्री एका शेडला परवडत नाही आणि वर्षातून एकदाच लागते. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. तिथे ही सामग्री असते आणि शिकवणारे निदेशक असतात. साखर कारखान्यांत उमेदवारी करणारी मुलं आयटीआयतूनच येतात. कारखान्याच्या वर्कशॉपकडे मी बोट दाखवत नाही, कारण ऑफ सीझनला तिथे ओव्हरहॉलिंगची धांदल असते आणि बाहेरच्या माणसाचं काम आत घेणं नियमात बसत नाही. आयटीआयने मात्र महिन्यातला एक दिवस गावातल्या टर्नरसाठी ठेवावा. चक घेऊन या, उघडू, तडा तपासू, जॉ घासू. मुलांना पुस्तकातला चक आतून बघायला मिळेल. निवृत्त टर्नरला ग्राइंडर मिळेल, आणि त्याच्या हातातलं कसब त्या मुलांपर्यंत जाईल. यंत्रसामग्रीच्या जबाबदारीचा आणि विम्याचा प्रश्न प्राचार्य उपस्थित करतील आणि तो रास्त आहे. काम निदेशकाच्या हाताने आणि देखरेखीखाली व्हावं, एवढी अट घातली तर त्यातून वाट निघते.

तेव्हा माझा कौल असा: घाण, गंज, फाकलेले जॉ, हरवलेलं पिनियन, न जुळणारी बॅकप्लेट यांपैकी काहीही असलं तरी जुना चक जरूर दुरुस्त करावा. स्क्रोल झिजलेली असेल तर त्याच्याकडून अचूकतेची आशा सोडून तो साध्या कामाला ठेवावा. दुसऱ्यांची मापाची कामं घेऊन पोट भरणाऱ्याने, परवडेल तेव्हा, नवा चक घ्यावा. गिऱ्हाइकाच्या शाफ्टवर आपल्या हौसेचा प्रयोग करू नये. आणि बॉडीला तडा असेल तर तो चक कुणीही, कुठल्याही फेऱ्यांना, कुठल्याही कामाला लावू नये.

तडा सापडलेला चक बहुतेक लोक पुन्हा त्याच भंगारवाल्याला देतात. तिथून तो धुऊन, काळा रंग मारून दुसऱ्या कुणाच्या तरी शेडमध्ये जातो. श्रीपूरच्या आणि आसपासच्या सगळ्या टर्नर मंडळींना विनंती आहे: जॉ, स्क्रोल आणि पिनियन काढून ठेवा, ते कुणाच्या तरी उपयोगी पडतील, पण बॉडी भंगारात देण्याआधी घण घालून तिचे दोन तुकडे करा.